रंगभवन आणि मुंबईचे रॉक संगीत : एका स्थानिक परंपरेचा मागोवा

१. प्रश्नाचे स्वरूप

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी प्रथम घराण्यांकडे जाते, नंतर दरबारांकडे आणि विसाव्या शतकात आल्यावर चित्रपटाकडे. या तिन्हींमागे आश्रयदाता असतो आणि जेथे आश्रयदाता असतो तेथे हिशेब, पत्रव्यवहार व ध्वनिमुद्रिका मागे राहतात. परंतु या तिन्हींच्या बाहेर वाजणारे व ऐकले जाणारे संगीत प्रत्येक शहरात पुष्कळ असते. लातूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वरातीपुढचे बँडपथक, सप्ताहातील भजनी मंडळ, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा आणि १४ एप्रिलच्या सुमारास गावोगाव बोलावल्या जाणाऱ्या भीमगीतांच्या गायनपार्ट्या ही त्याची नित्याची रूपे होत. अशा संगीताचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधने कोठे शोधावीत आणि ती कोणत्या सूत्राने एकत्र गुंफावीत, हा पहिला प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मुंबईतील रॉक संगीताचे उदाहरण येथे घेतले आहे. ते मराठवाड्याच्या अभ्यासकाला दूरचे वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याची निवड सकारण आहे. हे संगीत घराण्याचे नाही, दरबाराचे नाही आणि चित्रपटाचेही नाही. ते परदेशी वाद्यांवर व बहुतांशी इंग्रजी भाषेत वाजविले गेले. म्हणजे ज्या खुणांवरून एखादे संगीत ‘येथले’ म्हणून ओळखले जाते, त्यांपैकी बहुतेक खुणा त्याच्या ठिकाणी आढळत नाहीत. असे असूनही मुंबईत या संगीताची एक निश्चित स्थानिक परंपरा निर्माण झाली. ती कशामुळे झाली, याचे उत्तर मिळाले तर इतर शहरांतील संगीताच्या शोधालाही त्याचा उपयोग होईल.

प्रारंभी दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. विद्युत् गिटार, बास गिटार व ड्रम यांच्या साह्याने, ध्वनिवर्धकाच्या मोठ्या आवाजात, चार-पाच जणांच्या गटाने वाजवावयाचे गीत असे रॉक संगीताचे स्थूल वर्णन करता येईल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आणि तेथील ग्रामीण गीतांतून १९५० नंतरच्या दशकात ते उदयास आले व पुढील दशकात इंग्लंडमधील गटांनी ते जगभर नेले. दुसरी संज्ञा ‘स्वतंत्र’ ही होय. तिचे तीन अर्थ संभवतात : चित्रपटव्यवसायापासून स्वतंत्र, ध्वनिमुद्रिका कंपन्यांपासून स्वतंत्र आणि दुसऱ्यांच्या रचनांपासून स्वतंत्र, म्हणजे स्वतःची गीते स्वतः रचणारे. मुंबईतील गटांनी हे तीन अर्थ एकाच वेळी साध्य केले नाहीत. कोणता अर्थ केव्हा व कशाच्या आधारावर साध्य झाला, हेच या इतिहासाचे खरे सूत्र आहे.

२. पूर्वपीठिका : हॉटेले, गोमंतकीय वादक आणि दारूबंदी

रॉक संगीत मुंबईत आले तेव्हा त्याला वादकांची तयार पिढी मिळाली. १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ वाद्यवृंद आला. त्यानंतर टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादकही तेथे वाजवीत असत. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी हे संगीत आत्मसात केले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचावयास शिकलेल्या या वादकांना मुंबईत काम मिळणे कठीण गेले नाही. त्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम धोबी तलावाच्या आसपास असलेल्या ‘कूड’ नावाच्या निवासांत असे. गोव्यातील एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालविलेल्या खोल्या म्हणजे हे कूड होत. वाद्ये व स्वरलिपीची पुस्तके विकणारे, १८६५ मध्ये स्थापन झालेले फुर्टाडोज हे दुकानही धोबी तलावावरच आहे. हा परिसर पुढे या इतिहासात पुन्हा येणार असल्याने त्याची येथे नोंद करणे इष्ट होय.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाल्यावर हॉटेलांतील नृत्यरात्रींचा आर्थिक पाया खचला आणि जाझ वादकांपैकी अनेकजण चित्रपटाच्या वाद्यवृंदांकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक होते. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात या संगमाचा ठसा स्पष्ट उमटला. सी. रामचंद्रांनीच ‘आशा’ (१९५७) या चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ हे गीत केले. अमेरिकन रॉक अँड रोलची चाल हिंदी गीताच्या अंगी इतक्या सहजपणे मुरविल्याचे ते आरंभीचे उदाहरण आहे. म्हणजे मुंबईत रॉकचा पहिला मोठा प्रयोग एका मराठी संगीतकाराने केला; परंतु तो चित्रपटाच्या आश्रयाने झाला.

याच काळात माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला होता. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. हिंदी गीतांबरोबरच इंग्रजी लोकप्रिय गीतेही त्या केंद्रावरून ऐकू येत. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तोपर्यंत शहरी तरुणांच्या कानांना नव्या चालींची सवय झाली होती. ज्या धोरणाचा हेतू अभिजात संगीताचे रक्षण करणे हा होता, त्याचा परिणाम अंशतः उलट झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

३. बीट गट आणि सिगारेट कंपनी

१९६० नंतरच्या दशकात बीटल्सच्या प्रभावाने मुंबईत तरुणांचे ‘बीट गट’ निघू लागले. जेट्स, मिस्टिक्स, सॅव्हेजेस ही त्यांपैकी काही नावे. गटांतील तरुण बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आलेले होते. गोमंतकीय ख्रिस्ती, पारशी, अँग्लो-इंडियन व सुशिक्षित हिंदू कुटुंबांतील मुले त्यांत एकत्र आली. आयात निर्बंधांमुळे परदेशी गिटार व ध्वनिवर्धक मिळणे दुरापास्त होते. मिळालेच तर परदेशी जाणाऱ्या नातलगाकडून किंवा खलाशाकडून. त्यामुळे वाद्ये हाताने बनविणे व रेडिओच्या यंत्रातून ध्वनिवर्धक तयार करणे हे या पिढीच्या शिक्षणाचे एक अंग झाले.

या गटांना अखिल भारतीय व्यासपीठ मिळाले ते सिमला बीट स्पर्धेमुळे. ही स्पर्धा इंपीरियल टोबॅको कंपनी आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवीत असे. अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होई. १९७० व १९७१ या वर्षी स्पर्धेतील गटांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळातील भारतीय गटांचा आवाज आज ऐकावयाचा तर हेच प्रमुख साधन आहे. जाहिरातीसाठी काढलेली वस्तू ऐतिहासिक साधन ठरावी, हा योगायोग नव्हे. ज्या संगीताला सरकारी किंवा संस्थात्मक आश्रय नसतो, त्याची कागदपत्रे व्यापाऱ्याच्या दप्तरातच सापडतात.

लोणावळ्याजवळील मळवली येथे १९७१ मध्ये ‘स्नेहयात्रा’ नावाचा उघड्यावरचा संगीतमेळा भरला. कलकत्त्याहून निघणारे ‘ज्युनिअर स्टेट्समन’ हे इंग्रजी साप्ताहिक (१९६७-७७) या गटांच्या वार्ता देशभर पोहोचवीत असे. परदेशी वादकही मुंबईत येत. जॉर्ज हॅरिसनने १९६८ मध्ये येथील ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांसह मुद्रण केले, तर १९७२ मध्ये लेड झेपेलिन या गटातील जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी येथील वादकांबरोबर काही प्रयोग केले आणि कुलाब्यातील एका क्लबात ते वाजविलेही. परंतु या भेटींचा स्थानिक गटांच्या घडणीवर फारसा परिणाम झाला असे म्हणता येणार नाही. येथील गट बहुधा परदेशी गीते जशीच्या तशी वाजवीत. श्रोत्यांची मागणीही तीच होती. स्वातंत्र्याचा पहिला अर्थ, म्हणजे चित्रपटापासून अलिप्तता, एवढाच या काळात साधला. आश्रय सिगारेट कंपनीचा होता आणि रचना परक्यांच्या होत्या.

४. मराठी रंगभूमीचा मार्ग

या ठिकाणी नंदू भेंडे यांचे कार्य वेगळे नोंदविले पाहिजे. ज्येष्ठ नट व दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे ते चिरंजीव. सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग व अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईतील गटांतून ते गात असत. यांपैकी अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका त्या काळातील भारतीय रॉक गटाची दुर्मीळ मुद्रिका म्हणून संग्राहकांना परिचित आहे. अ‍ॅलेक पदमसी यांनी १९७४ च्या सुमारास ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य मुंबईत बसविले, तेव्हा त्यातील ज्यूडासची भूमिका भेंडे यांनी केली.

पुढे १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. ब्रेख्तच्या नाटकाचे हे रूपांतर पु. ल. देशपांडे यांनी केले होते आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. त्यातही भेंडे गायक-नट म्हणून उभे राहिले. तमाशाची बैठक, नाट्यसंगीताचे संस्कार आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत ही तिन्ही एकाच नाटकात शेजारी आली. मराठी प्रेक्षकाला रॉकच्या धर्तीचे गायन मराठी शब्दांत प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले ते मैफिलीतून नव्हे, नाट्यगृहातून.

ही गोष्ट केवळ रंजक नाही. मराठी समाजात नव्या संगीताने नाटकाच्या दाराने प्रवेश करावा, हे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) चालत आलेले आहे. रागदारी मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली तीही बव्हंशी संगीत नाटकातूनच. या दृष्टीने पाहता ‘तीन पैशाचा तमाशा’ हा जुन्याच मार्गावरचा नवा टप्पा ठरतो. परंतु त्यातून मराठी रॉक गटांची परंपरा सुरू झाली नाही. नाटकाचे प्रयोग संपले की त्यातील संगीताचे व्यासपीठही संपते. दरवर्षी ठरलेल्या जागी पुन्हा भेटण्याची सोय नाटकाने होत नाही. आणि परंपरा निर्माण होते ती नेमकी अशा पुनर्भेटीतून.

५. रंगभवन

ही पुनर्भेटीची जागा मुंबईला मिळाली ती धोबी तलावाच्या रंगभवनात. राज्य शासनाचे हे खुले नाट्यगृह सेंट झेवियर महाविद्यालयाच्या मागे आहे. एका बाजूला कामा रुग्णालय व गोकुळदास तेजपाल रुग्णालय, जवळच मेट्रो चित्रपटगृह आणि वाद्यांची दुकाने अशी त्याची भौगोलिक चौकट. १९७८ मध्ये निरंजन झवेरी व त्यांचे सहकारी यांनी ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव येथे सुरू केला आणि सॉनी रॉलिन्ससारखे अमेरिकन वादक या रंगमंचावर आले. ज्या परिसरात गोमंतकीय वादक कूडांतून राहिले, त्याच परिसरात त्यांच्या संगीताला अखेर सार्वजनिक रंगमंच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

रॉकच्या दृष्टीने निर्णायक वर्ष म्हणजे १९८६. त्या वर्षी फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा कार्यक्रम सुरू केला. १५ ऑगस्टच्या सुमारास भरणारा म्हणून त्याला हे नाव. परंतु स्थानिक गटांच्या स्वातंत्र्याचा अर्थही त्यात ध्वनित होता. ‘आय-रॉक’ या लघुनामाने हा मेळा पुढे देशभर ओळखला गेला. पावसाळ्यात, उघड्या नाट्यगृहात, शासनाच्या जागेत, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला परवडेल अशा तिकिटावर नव्या-जुन्या गटांना ऐकण्याची सोय झाली. येथे वाजविणे हे नव्या गटाचे ध्येय बनले आणि येथे ऐकलेला श्रोता पुढच्या वर्षी स्वतः गट काढू लागला.

रंगभवनाचे महत्त्व तीन गोष्टींत होते. एक, जागा सार्वजनिक असल्यामुळे हॉटेलप्रमाणे खानपानाच्या खर्चाची अट तेथे नव्हती. दोन, ती रेल्वेस्थानकांना जवळ होती. चर्चगेट व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही स्थानके पायी अंतरावर असल्याने उपनगरांतील मुलांना शेवटच्या गाडीने परतता येई. तीन, ती ठरलेली होती. या तिसऱ्या गुणाचे मोल सर्वांत अधिक. वारकऱ्याला पंढरपूर ठाऊक असते, तसे रॉकच्या श्रोत्याला रंगभवन ठाऊक होते.

६. स्वतःच्या रचना

रंगभवनाच्या काळातील प्रमुख गट रॉक मशीन हा होय. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या गटात गिटारवादक महेश टिनईकर आणि पुढे गायक उदय बेनेगल हे होते. आरंभी हा गट परदेशी गीतेच वाजवीत असे. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या रचनांचा गीतसंच निघाला. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा. १९९३ मध्ये गटाने ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले व १९९५ मध्ये त्याच नावाचा संच प्रसिद्ध केला. ‘यंत्र’ हा शब्द टाकून ‘सिंधू’ हा शब्द स्वीकारण्यात आपल्या भूमीशी नाते सांगण्याची इच्छा उघड दिसते. हा गट १९९७ मध्ये थांबला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा संच काढला.

स्वतःच्या रचनांकडे हे वळण का आले? कॅसेटमुळे मुद्रण व वितरण स्वस्त झाले, हे एक कारण. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी भारतीय गटांची चित्रगीते दाखविण्यास प्रारंभ केला, हे दुसरे. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले आणि देशभरातील गटांची परस्परांशी ओळख करून दिली, हे तिसरे. परंतु या सर्वांपूर्वी एक अट पूर्ण व्हावी लागते : परिचित गीतांऐवजी अपरिचित रचना ऐकण्यास तयार असलेला श्रोतृवर्ग. हॉटेलातील श्रोता जेवावयास आलेला असतो. त्याला ओळखीचे गीत हवे असते. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी येणाऱ्या श्रोत्याला मात्र गटांची ओळख असते आणि म्हणून त्यांच्या नव्या रचनेची उत्सुकताही असते. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा संच आय-रॉकच्या आरंभानंतर दोन वर्षांनी निघाला, या क्रमाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. केवळ कालक्रमावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. परंतु श्रोत्याविना स्वतंत्र रचना टिकत नाही, हेही तितकेच खरे.

महाविद्यालयीन महोत्सवांनीही या कामी मोठा हातभार लावला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘मूड इंडिगो’ (१९७१ पासून) आणि सेंट झेवियर महाविद्यालयाचा ‘मल्हार’ (१९७९ पासून) हे त्यांतील प्रमुख होत. रंगभवन वर्षातून एकदा भरे; महाविद्यालयांनी नव्या गटांना सरावाची व चाचणीची संधी दिली. पेंटाग्रामसारखे १९९० नंतरच्या दशकातील गट याच वातावरणात वाढले.

७. शांतता क्षेत्र

केंद्र शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम जारी केले. त्यांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद झाली. रुग्णालये व महाविद्यालय यांच्या मधोमध असलेले रंगभवन या नियमाच्या कक्षेत आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील संगीताचे कार्यक्रम बंद पडले.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना एकांगी होणे योग्य नाही. रुग्णाला शांततेचा हक्क आहे व तो श्रोत्याच्या आनंदापेक्षा श्रेष्ठ आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. एक सार्वजनिक जागा नियमाने बंद झाली, तेव्हा तिच्या बदली दुसरी सार्वजनिक जागा देण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? ते कोणीही स्वीकारले नाही. आय-रॉक अंधेरी व अन्यत्र फिरत राहिला, पुढे त्यात खंड पडला आणि २०२२ मध्ये माझगाव येथे तो पुन्हा भरला. रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारण्याचा विचारही मध्यंतरी पुढे आला होता. नंतर ते चर्नी रोड येथे करण्याचे ठरून २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. रंगभवन मात्र मूकच राहिले.

संगीत बंद पडले नाही; ते आत गेले. जुहूच्या हॉटेलातील रॅझबेरी ऱ्हायनोसेरस, त्यानंतर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात निघालेले ‘ब्लू फ्रॉग’ अशा बंदिस्त जागांनी गटांना उत्तम ध्वनिव्यवस्था व नियमित काम दिले. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब यांसारख्या जहाल शैलीच्या गटांचा उत्कर्ष याच काळातला. परंतु प्रवेशाची अट बदलली. शासकीय नाट्यगृहाचे तिकीट घेणारा विद्यार्थी आणि मद्यगृहाचा ग्राहक हे एकच नव्हेत. ब्लू फ्रॉगही २०१६ मध्ये बंद झाले. खाजगी जागा भाड्याच्या हिशेबावर जगते. परंपरेला लागणारे स्थैर्य तिला देता येत नाही.

८. गिरणगावचे दुसरे स्वतंत्र संगीत

मथुरादास मिलचे आवार म्हणजे जुना गिरणगाव. या भूमीवर रॉकच्या कितीतरी आधी स्वतंत्र संगीताची दुसरी परंपरा नांदत होती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक १९४४ मध्ये निघाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (१९५६-६०) शाहिरांचा आवाज शहरभर दुमदुमला. आंबेडकरी जलसे व वामनदादा कर्डकांसारख्या कवि-गायकांची परंपराही त्याच काळात चाळींच्या चौकांतून वाढली. पूर्वोक्त तिन्ही अर्थांनी हे संगीत स्वतंत्र होते : चित्रपटाबाहेरचे, कंपनीबाहेरचे आणि स्वतःच्या रचनांचे. रॉक गटांनी जे अनेक दशकांत मिळविले ते शाहिरांकडे आरंभापासून होते.

या भेदाचे कारण आश्रयात शोधावे लागते. शाहिराचा आश्रय चळवळ हा होता. श्रोता चौकातच होता, व्यासपीठ सभेचे होते आणि विषय श्रोत्याच्या जीवनाचा होता. रॉक गटांपाशी चळवळ नव्हती. म्हणून त्यांना हॉटेल, सिगारेट कंपनी, महाविद्यालय, शासकीय रंगमंच व मद्यगृह असे आश्रय एकामागून एक शोधावे लागले. भाषेमुळे त्यांचा श्रोतृवर्गही मर्यादित राहिला. मुंबईतील बहुसंख्य मराठी श्रोत्यांना हे संगीत परके वाटले, त्याचे कारण गिटार नव्हे. गिटार तर चित्रपटगीतांतून घरोघर पोहोचली होती. आपल्या जीवनाचे शब्द त्यात नव्हते, हे खरे कारण.

एकविसाव्या शतकात या दोन धारा काही ठिकाणी जवळ आल्या, ही नोंद उत्साहवर्धक आहे. कबीर शाक्य यांनी २०११ मध्ये स्थापन केलेला ‘धम्म विंग्ज’ हा मुंबईचा गट रॉकच्या वाद्यांवर आंबेडकरी व बौद्ध विचारांची गीते गातो. ‘अभंग रिपोस्ट’ या गटाने संतांचे अभंग गिटार व ड्रमच्या साथीने मांडले आहेत. या प्रयोगांत नव्याने आला आहे तो मराठी शब्द. आणि त्याबरोबर आला आहे तो श्रोता, जो रंगभवनाच्या रांगेत क्वचितच उभा राहिला असता.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संगीताची स्थानिकता त्याच्या मूळ देशावर अवलंबून नसते. परदेशी रॉक मुंबईचे झाले, कारण त्याला मुंबईत एक जागा, एक ऋतू आणि परतून येणारा श्रोता मिळाला. दुसरी, ‘स्वतंत्र’ संगीत निराश्रित नसते. त्याचा आश्रय केवळ कमी दृश्यमान असतो. तो शोधून काढणे हे इतिहासकाराचे काम. तिसरी, स्थळ एक देते आणि भाषा दुसरे : स्थळ परंपरेला सातत्य देते, भाषा तिला विस्तार देते. मुंबईच्या रॉकला पहिले मिळाले व गेले. दुसरे फार उशिरा मिळू लागले.

लातूर किंवा नांदेडच्या संगीताचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याने याच क्रमाने प्रश्न विचारावेत. गायनपार्टी कोणत्या चौकात उभी राहते व तो चौक कोणाच्या परवानगीने मिळतो? बँडपथकाची सुपारी कोण देतो व पावसाळ्यात वादक काय करतात? वाद्यवृंदाची वाद्ये कोठून आली? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ज्या गावांचे स्थलांतर झाले, तेथील भजनाची जागा नव्या वसाहतीत कोठे ठरली? याची उत्तरे ग्रंथालयात मिळणार नाहीत. ती जाहिरातीच्या पत्रकांत, वर्गणीच्या पावत्यांत, पोलिसांच्या परवान्यांत, घरच्या कॅसेटींत आणि वृद्ध वादकांच्या आठवणींत आहेत. कॅसेटची फीत वर्षागणिक क्षीण होते आणि वादकाचे वय वाढत जाते. रंगभवनासारखी प्रख्यात वास्तूदेखील काही वर्षांत मूक होऊ शकते, तर जिल्ह्याच्या गावातील चौकाची स्मृती किती काळ टिकेल, याचा विचार करून हे काम विलंब न लावता हाती घेणे अगत्याचे आहे.